डॅपी

याचं पूर्ण नाव ४′,६-डायअमिडिनो-२-फिनाइलइंडोल. एवढं कोण म्हणणार? लॅबमध्ये सगळे या चमकणाऱ्या रंगद्रव्याला डॅपीच म्हणतात.

जन्म १९७१चा, जर्मनीत ऑटो डान यांच्या प्रयोगशाळेतला. शोध चालला होता ट्रिपॅनोसोम या परजीवींवरच्या औषधाचा. औषध म्हणून हा चालला नाही. पण डीएनएला चिकटला की चांगलाच उजळतो, हा गुण लक्षात आला आणि स्वारीचं नशीब पालटलं. १९७५ साली यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए वेगळा काढायला तो कामाला लागला, तो आजतागायत सुटलेला नाही.

राहणं उणे २० अंशांत, नळीला फॉइल गुंडाळून. रंग पिवळट. फॉस्फेट बफरात थेट टाकला तर विरघळायला कुरकुर करतो, म्हणून आधी साधं शुद्ध पाणी. मग पेशींच्या स्लाइडवर पाच-दहा मिनिटं अंधार, एक धुणं, वर कव्हरस्लिप. अतिनील प्रकाश पडला की काळ्या पडद्यावर निळी केंद्रकं टपाटप उमटतात. डीएनएच्या अरुंद खोबणीत, त्यातही अ‍ॅडेनिन-थायमिनची दाटी असेल तिथे, हा ठाण मांडून बसतो. म्हणूनच उंदराच्या केंद्रकात ठळक ठिपके दिसतात, माणसाच्या केंद्रकात तसे दिसत नाहीत. दुभंगू लागलेल्या पेशीत तर गुणसूत्रं मधोमध ओळीत उभी राहिलेली दिसतात. ते पाहताना कामाचा विसर पडतो.

त्याचं खरं काम मात्र वर्गातल्या मॉनिटरचं, हजेरी घेण्याचं. पेशी किती, कुठे, एवढंच तो सांगतो. कौतुक होतं त्याच स्लाइडवर हिरव्या-लाल रंगांत चमकणाऱ्या प्रथिनांचं. कधी केंद्रकाबाहेर निळी धूळ दिसते. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू शिरला की काय, या शंकेने सगळ्यांचे चेहरे उतरतात. वाईट बातमी द्यायला पुन्हा हाच.

दोष आहेतच. जिवंत पेशीत सहज शिरत नाही. तिथे होएख्स्ट हा रंगद्रव्यांतलाच भाऊबंद लागतो. अतिनील प्रकाशात फार वेळ ठेवला तर स्वतःच हिरवा चमकू लागतो आणि भलतंच प्रथिन सापडल्याचा भास होतो. डीएनएलाच धरणारा, म्हणून हातमोजे घालूनच हाताळायचा.

एक विनंती. काळ्यावरचा निळा डोळ्यांना नीट दिसत नाही, छापल्यावर तर आणखीच बुडतो. शोधनिबंधात डॅपीचं चित्र करड्या छटांत वेगळं द्या.