बाबांच्या गाडीचं इंजिन

बाबांच्या मारुती ८०० चं इंजिन शेवटी गिअरबॉक्ससकट बदललं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बॉनेटखाली आडवं बसवलेलं. गिअरबॉक्स त्यालाच बोल्टने जोडलेला, त्यामुळे दोन्ही एकदमच चेनकप्पीने वर आले. मिस्त्री म्हणाले, "साहेब, भंगारात द्या. खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतोय." हिशोब त्यांचाच बरोबर होता. (आई मात्र हिशोब ऐकायलाच तयार नव्हती!)

कुर्ल्याहून जुनं पण धडधाकट इंजिन मिळालं. आता आरटीओत जाऊन आरसीवर नवा इंजिन नंबर चढवायचा. चासी नंबर तोच, म्हणजे कागदोपत्री गाडी तीच.

पण गल्लीत शिरल्यावर आई आवाजावरून गाडी ओळखायची आणि गॅलरीत यायची. बाबा असतानाही, नंतरही. परवा गाडी घरी आणली, वर पाहिलं, तर गॅलरी रिकामी. मग हॉर्न वाजवला. तो जुनाच आहे.

आली.