सेटल्ड

महिन्याभरापूर्वीची गोष्ट. खोपोली लोकलमध्ये चक्क खिडकी मिळाली, तरी मूड गेलेला. खोपोलीतल्या फ्लॅटसाठीचा माझा कर्जाचा अर्ज बँकेने परत पाठवला होता. पगार बरा, आज कुणाचा रुपया देणं नाही, मग झालं काय?

सिबिलचा रिपोर्ट काढला (वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, २०१७ पासून). ३०० ते ९०० च्या पट्टीवर मी ६४१! खाली एक शब्द: 'सेटल्ड'.

पहिल्या नोकरीतलं क्रेडिट कार्ड. नोकरी गेली, १८ हजार थकले. वसुलीवाला म्हणाला, "नऊ भरा, मिटवून टाकू." भरले, वर मित्रांना पार्टीही दिली. पण सेटल्ड म्हणजे फिटलं नव्हे. उरलेलं बँकेने सोडलं आणि तसं लिहून ठेवलं.

बाबांना सांगितलं. खालापुरात वाण्याकडे आमचं खातं असायचं, भात विकला की फिटायचं. म्हणाले, "अरे, त्याचे अर्धे बुडवले असते तर पुन्हा गूळ तरी उधार दिला असता का त्याने?" च्यायला, इंजिनिअर मी!

सिबिल स्वतःहून काही खोडत नाही, बँकेने कळवावं लागतं. म्हणून उरलेले नऊ हजार भरले, नो ड्यूज पत्र घेतलं, 'क्लोज्ड' करा म्हणून तक्रार नोंदवली. ३० दिवसांत निकाल नाही लागला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. जुन्या उशिराच्या नोंदी मात्र अशा पुसल्या जात नाहीत. असो.

आज एकविसावा दिवस. बाबा रोज विचारतात, "खोडलं का रे?"