परळहून खोपोलीला, अम्मीसकट

परळच्या मुलांची सहल म्हणजे पूर्वी राणीबाग, फार तर ओहोटीची वेळ पाहून हाजी अली. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले, तेव्हा आम्ही भावंडे शाळेत होतो. मरहूम अब्बा गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर तो रोजगार गेला तो गेलाच. बोटीचे नि तिकिटाचे पैसे मागायची आमची हिंमत झाली नाही.

यंदा नाताळच्या सुट्टीत आमचे सहा जणांचे कुटुंब इन्शाअल्लाह इमॅजिका पाहायला जाणार आहे. खालापूर तालुक्यात, पुण्याच्या द्रुतगती मार्गाजवळ २०१३ साली हे उद्यान सुरू झाले. दादरहून खोपोली लोकल धरायची. ती चुकली तर कर्जतला गाडी बदलायची. पुढे रिक्षा.

घरात पहिली चर्चा पैशांवरच झाली. अम्मीच्या उमऱ्यासाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला पडते. तिला हात लावायचा नाही, हे आधीच ठरले. सहलीचा डबा वेगळा ठेवला. महिन्याकाठची हॉटेलातली बिर्याणी बंद झाली, मुलांनी ईदीतून भर घातली. "हा इसराफ नाही का?" असे थोरलीने विचारले. आम्ही तिला सांगितले, कर्ज काढून किंवा शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी खर्च केला तर ती उधळपट्टी. पोटाला चिमटा न काढता, जमवलेल्या पैशांतून घरच्यांना एक दिवस हसवणे ही उधळपट्टी नव्हे.

मग कोण कशात बसणार, याची यादी केली. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते, म्हणून धाकट्याची उंची दारामागे मोजून ठेवली. तिथे रांगेत रडारड नको. थोरलीला निट्रोचा रोलर कोस्टर हवा आहे. मधल्याला राजासॉरस. नर्मदेच्या खोऱ्यात अवशेष सापडलेल्या या डायनासोरचा धडा त्याने आम्हालाच शिकवला! जोहर आणि असरसाठी चटई, पाण्याची बाटली पिशवीत राहील. बाहेरचे खाणे आत चालत नाही, तेव्हा न्याहारी लोकलमध्येच. आत हलालची खात्री नसेल तर शाकाहारी थाळी.

अम्मी मात्र म्हणते, "माझे गुडघे असे. मी येऊन काय करू? तिकीट वाचवा." आम्ही तिला सांगितले, तिथे अलीबाबा आणि चाळीस चोरांचीही सफर आहे, आरामात गाडीत बसून पाहायची. लहानपणी वीज गेली की हीच गोष्ट तिने आम्हाला कितीदा सांगितली होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नातवाला हळूच विचारत होती, "त्या गाडीत चढायला पायऱ्या किती?"

पायऱ्यांची चौकशी फोनवर करूनच तिकिटे काढू. पैसे कमी पडले तर सहल उन्हाळ्यावर टाकू. पाच तिकिटांत भागवायचे नाही, एवढे पक्के.