सँटियागोतल्या आजींचं ‘नको’

लेकीचं दुसरं बाळंतपण करायला २०२४ च्या ऑक्टोबरात मी चिलीची राजधानी सँटियागोला गेले. बेळगावहून निघून तिच्या दारात पोचेपर्यंत दोन दिवस गेले. आपल्याकडं परतीचा पाऊस, तिकडं वसंत! पृथ्वीच्या खालच्या अंगाला ऋतूही उलटे. सकाळी खिडकीतून अँडीज पर्वताची बर्फाळ रांग दिसायची आणि मला वाटायचं, इतक्या लांब आपलं म्हणावं असं काय असणार?

ते सापडलं खालच्या मजल्यावर. तिथल्या आजींनी ऐंशी गाठलेली. बाळ बघायला आल्या आणि मी जुन्या साड्यांची शिवलेली कौदी हातात घेऊन बसल्या. उलटीपालटी करून टाके बघितले, उठून खाली गेल्या आणि एक चौकोनी कापड घेऊन आल्या. गोणपाटावर चिंध्या शिवून केलेलं चित्र: मागं डोंगर, पुढं घरं आणि बायकांची रांग. टाका अगदी आमच्या वाकळीचा. त्याला तिकडं ‘आर्पियेरा’ म्हणतात. माझ्या लेकीला स्पॅनिश येतं, म्हणून पुढचं सगळं तिच्या तोंडून ऐकलं.

चिलीत ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं. ला मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर स्वतःच्याच हवाई दलानं बाँब टाकले, त्यात राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे गेले आणि जनरल पिनोशे सत्तेवर बसले. पुढच्या सतरा वर्षांत तीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली किंवा गायब झाली. ज्यांची गेली त्या बायका चर्चच्या आसऱ्याला जमून ही चित्रं शिवू लागल्या. कधी गायब झालेल्या माणसाच्या सदऱ्याचाच तुकडा त्यात असे. आजींचा भाऊ आमच्या घराजवळच्याच राष्ट्रीय स्टेडियममध्ये कोंडला होता. जिवंत सुटला, पण देश सोडून स्वीडनला गेला तो तिकडचाच झाला. स्टेडियमच्या एका भागातली जुनी लाकडी बाकं आठवण म्हणून तशीच ठेवली आहेत. मी बघून आले. फुटबॉलच्या गलबल्यात तेवढाच कोपरा रिकामा असतो.

आता मूळ गोष्ट. पिनोशेंनीच १९८० साली नवी राज्यघटना आणली होती आणि त्यावर मतदानही घेतलं होतं. मतदारयाद्याच नव्हत्या, जुन्या कधीच्या नष्ट केलेल्या. अशा मतदानाचा निकाल काय लागणार ते सांगायला नको. पण त्याच घटनेत एक कलम होतं: १९८८ साली लष्कर एकच उमेदवार पुढं करील आणि जनतेनं ‘होय’ किंवा ‘नाही’ सांगायचं. उमेदवार अर्थात पिनोशे! ‘होय’ आलं तर आणखी आठ वर्षं, ‘नाही’ आलं तर वर्षभरानं खुली निवडणूक.

आपल्यासारख्या दोन भाषांत वाढलेल्या लोकांना इथं एक गंमत जाणवेल. स्पॅनिशमध्ये ‘नो’ एकच. मराठीत ‘नाही’ वेगळं, ‘नको’ वेगळं. कन्नडात ‘इल्ल’ वेगळं, ‘ब्याड’ वेगळं. मी लेकीला म्हटलं, त्या मतपत्रिकेवरचं ‘नो’ म्हणजे ‘इल्ल’ नव्हे गं, ते ‘ब्याड’! तिनं आजींना ते कसं समजावलं देव जाणे, पण त्या हसल्या आणि दिवसभर “ब्याड, ब्याड” म्हणत राहिल्या.

हे ‘ब्याड’ म्हणायचं सोपं नव्हतं. आधी नाव नोंदवायला हवं. १९८७ च्या फेब्रुवारीत नव्या याद्या सुरू झाल्या तेव्हा आजी दोन महिने गेल्याच नाहीत. एकदा फसवलंय, पुन्हा फसवतील. शिवाय नाव लिहिलं म्हणजे नाव कळलं! शेवटी चर्चमधल्या शिवणाऱ्या मैत्रिणी हात धरून घेऊन गेल्या. अशा एकेक करत ७४ लाखांवर लोकांनी नावं नोंदवली.

मतदानाआधी २७ रात्री दोन्ही बाजूंना टीव्हीवर रोज पंधरा-पंधरा मिनिटं मिळाली, तीही रात्री उशिरा. पंधरा वर्षांत विरोधकांना मिळालेली ही पहिलीच अशी वेळ. लोकांना वाटलं, आता रडगाणं ऐकू येणार. पण ‘नो’वाल्यांनी इंद्रधनुष्याचं चिन्ह घेतलं, गाणी केली, थट्टा केली, आनंदाची भाषा केली. ज्यांच्या घरातली माणसं गेली होती त्यांतल्या काहींना हे रुचलं नाही, आणि मला त्यांचंही पटतं. पण त्याच कार्यक्रमात बायका ‘क्वेका’ नाचल्या. हा तिकडचा जोडीनं करायचा नाच. त्या एकट्या नाचल्या, कारण जोडीदार गायब होता. आजी म्हणाल्या, “ते बघताना आमच्या घरात कुणी बोललं नाही.”

या प्रचारावर पाब्लो लारैन यांचा ‘नो’ हा २०१२ चा चित्रपट आहे. लेकीनं मला दाखवला. चांगला आहे, पण आजींची तक्रार अशी की त्यात सगळं श्रेय जाहिरातवाल्यांना दिलंय. दारोदार फिरून नावं नोंदवून घेणाऱ्या बायका कुठायत त्यात?

आजींच्या यजमानांचं किराणा दुकान होतं. १९७३ च्या आधी तेल, साखर, पावासाठी लागलेल्या रांगा त्यांनी काउंटरच्या आतून बघितल्या होत्या. ते दिवस परत नकोत म्हणून ते ‘होय’वाले. माणूस वाईट नव्हता, मेहुण्याला स्वीडनला पैसे तेच पाठवत. त्या पंधरा मिनिटांत नवराबायको एका कोचावर बसत आणि संपलं की न बोलता झोपायला जात. मला आमचं घर आठवलं. १९७७ च्या निवडणुकीत वडील आणि काका दोन बाजूंना होते आणि जेवणाची पंगत महिनाभर मुकी होती.

५ ऑक्टोबर १९८८. बुधवार होता. आजींनी मेणबत्त्या, मैदा, रॉकेल भरून ठेवलं होतं. काय होईल सांगता येत नव्हतं. तेव्हा बायका आणि पुरुष वेगवेगळ्या ठिकाणी मत देत, त्यामुळं दोघं दोन दिशांना गेले. पेन्सिलीनं एका छापील आडव्या रेघेवर उभी रेघ मारायची, एवढंच काम. “त्या उभ्या रेघेला माझा हात थरथरला,” आजी म्हणाल्या.

संध्याकाळी सरकारनं पहिले आकडे दिले, ‘होय’ पुढं! मग बराच वेळ सामसूम. पण ‘नो’वाल्यांनी प्रत्येक मतदान टेबलावर आपली माणसं बसवून स्वतंत्र मोजणी चालवली होती, आणि ती उलटं सांगत होती. मध्यरात्रीनंतर हवाई दलाचे प्रमुख जनरल मातेई ला मोनेदात शिरताना पत्रकारांना सांगून गेले की ‘नो’ जिंकलंय असं दिसतं. खुद्द लष्करातला माणूस बोलल्यावर आकडे फिरवणार कसे? शेवटचा हिशेब: सुमारे ५६ टक्के ‘नो’, ४४ टक्के ‘होय’.

आजी न्हाणीघरात गेल्या, नळ सोडला आणि रडल्या. बाहेर आल्या तर यजमानांनी चहा टाकला होता, लग्नानंतर पहिल्यांदा! कप पुढं करून एवढंच विचारलं, “उद्या दुकान उघडायचं ना?” त्यावर दोघं पुढं कधीच बोलले नाहीत. यजमान आता नाहीत. त्यांनी रेघ ‘होय’वरच मारली होती ना, मी विचारलं. आजी म्हणाल्या, “दुकानात ते तसंच सांगत. पडद्याआड कोण बघायला गेलंय!”

पुढं सगळं गोड झालं असं नाही. १९९० च्या मार्चमध्ये निवडून आलेले पात्रिसियो आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले, पण पिनोशे १९९८ पर्यंत सेनाप्रमुख राहिले. १९८० ची घटना पुष्कळ दुरुस्त्या होऊन अजून चालू आहे. नवे मसुदे लोकांनी २०२२ आणि २०२३ मध्ये दोनदा नाकारले. त्यावर आजींनी फक्त हात झटकला.

मी तिथं असतानाच २६ आणि २७ ऑक्टोबरला स्थानिक निवडणुका झाल्या. दुसऱ्या दिवशी आजींबरोबर कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत गेले. आता बायकापुरुषांची रांग एकच. पर्समध्ये निळं पेन होतं, ते दोनदा तपासून त्या आत गेल्या. बाहेर आल्यावर मी त्यांचं बोट बघितलं, शाई नव्हती. मग आमच्या मतदानाचं सांगितलं, १९६२ पासून ती शाई आमच्याच राज्यात, म्हैसूरला बनते हेही. त्यांनी माझं डावं बोट धरून उन्हात बघितलं. मे महिन्यातली खूण कधीच गेली होती.

“किती दिवस राहते?”

“नख वाढेपर्यंत.”

“मग घरात सगळ्यांना कळत असेल.”

“मत दिलं ते कळतं. कुणाला, ते नाही.”

आजींनी मान हलवली आणि आम्ही पाव घ्यायला वळलो. बाळ उठायची वेळ झाली होती.