टेनारचं पुढे काय झालं

पुणे,
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. ताईस,


फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो. तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर सापडलंय. प्रश्न तू 1984 च्या मे महिन्यात विचारला होतास, गच्चीवर.

वायर ओढून लावलेला चाळीसचा बल्ब, त्याभोवती किडे, आणि तुझ्या मांडीवर रद्दीवाल्याकडून आणलेलं, मागचं पुठ्ठं गेलेलं ते पुस्तक. तू डोळ्यांनी इंग्रजी वाचायचीस आणि तोंडानं मराठीत सांगायचीस. मी नऊ वर्षांचा. त्यामुळे उर्सुला ल ग्विनचं अर्थसी माझ्या मनात आजही मराठीतच आहे. चहूकडे समुद्र, त्यात शेकडो बेटं, आणि प्रत्येक वस्तूला एक खरं नाव; ते ज्याला कळलं त्याची तिच्यावर सत्ता. गोष्टीचा नायक गेड; त्याचं चारचौघांतलं नाव स्पॅरोहॉक, त्याचं तू ‘शिक्रा’ करून टाकलंस. त्याचा रंग तांबूस-तपकिरी, असं पुस्तकात आलं तेव्हा तू म्हणालीस, “आपल्या अण्णांसारखा.” तेव्हापासून माझा गेड अण्णांच्या रंगाचाच आहे. पुढे किती तरी मुखपृष्ठांवर त्याला गोरा करून ठेवलेलं पाहिलं. ल ग्विनबाईंना स्वतःलाच त्याचा संताप यायचा, हे वाचून बरं वाटलं.

तिसऱ्या पुस्तकाचा शेवट तुला आठवत असेल. मृत्यूच्या देशातलं भगदाड बुजवताना गेडची सगळी विद्या खर्ची पडते आणि कालेसिन नावाचा म्हातारा ड्रॅगन त्याला पाठीवर घेऊन उडून जातो. मी रडत होतो. तू पुस्तक मिटलंस आणि म्हणालीस, “आणि टेनार? दुसऱ्या पुस्तकात तिला त्या थडग्यांच्या काळोखातून बाहेर काढली, हात धरून एवढ्या मोठ्या शहरात आणली. मग इथे ती कुठाय? तिचं पुढे काय झालं?” मला राग आला होता. माझ्या डोळ्यांसमोर ड्रॅगन होता आणि तुला त्या मुलीची पडली होती.

गेल्या महिन्यात लेकीनं एक हजारेक पानांचा ग्रंथ घरी आणला. अर्थसीची सगळी पुस्तकं एकत्र, चार्ल्स व्हेसच्या चित्रांसकट. 2018 साली निघाला. त्या चित्रांवर बाईंनी त्याच्याबरोबर काम केलं, पण छापलेला ग्रंथ बघायला त्या राहिल्या नाहीत, त्याच वर्षी जानेवारीत गेल्या. अनुक्रमणिकेवरून बोट फिरवत होतो आणि तिसऱ्या नावाखाली चौथं दिसलं. ‘तेहानू’. ताई, आपण तीनवर थांबलो होतो. तिसरं 1972 चं, हे 1990 चं. मधे अठरा वर्षं! ते निघालं तेव्हा तू सासरी होतीस आणि तुझा मोठा जेमतेम आठ महिन्यांचा होता.

बाईंनी चौथं पुस्तक आधीच लिहायला घेतलं होतं, पण ते पुढे सरकेना. टेनारनं पुढे काय केलं हे त्यांनाच उमगत नव्हतं. म्हणजे तू अडलीस तिथेच त्याही अडल्या होत्या. पुढे 1992 साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात त्या यावर सविस्तर बोलल्या: वीरकथा म्हणजे पुरुषांची कथा, हे आपण तसंच परंपरेतून उचललं, रोक बेटावरच्या जादूच्या विद्यापीठात मुलींना दारसुद्धा उघडत नाही आणि ते लिहिताना आपल्याला खटकलंही नाही. स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकांबद्दल असं बोलायचं आणि त्यांतलं एक अक्षर न बदलता त्याच जगात परत जायचं, याला मी फार मोठं धैर्य मानतो.

तर ऐक. टेनार गॉन्ट बेटावर आली. गेडचे गुरू ऑजियन यांनी तिला मुलीसारखं ठेवून घेतलं, विद्या देऊ केली. तिनं ती नाकारली आणि एका शेतकऱ्याशी लग्न केलं. दोन मुलं झाली, ती मोठी झाली, नवरा वारला. गावात तिला ‘गोहा’ म्हणतात. तिथल्या एका छोट्या पांढऱ्या कोळ्याचं ते नाव. पुस्तक उघडतं तेव्हा ती मध्यमवयीन विधवा आहे आणि तिच्या पदरात एक पोर आहे, थेरू. थेरूच्याच माणसांनी तिला मारून आगीत टाकलेलं. अर्धा चेहरा जळालेला, एक डोळा गेलेला, एका हाताची बोटं आखडून पंजा झालेला.

आणि मग तो ड्रॅगन येतो, आपण गच्चीवर ज्याला निरोप दिला तोच. टेनार कड्यावर उभी आहे, समुद्रावरून काहीतरी येताना दिसतं, आधी तिला पक्षीच वाटतो. आपण त्याला जाताना पाहिलं होतं, ती येताना पाहते. अर्धमेल्या गेडला तीच जगवते.

पहिली शंभर पानं मला जड गेली, खोटं कशाला सांगू. शेळ्या, सूत, भाकरतुकडा, शेजारची मॉस मावशी. गेडला विद्या गेल्याची इतकी लाज वाटते की राजाची माणसं आली तर तो लपून बसतो, मग डोंगरावर शेळ्या राखायला जातो. जगातला सर्वांत मोठा जादूगार! पण एका रात्री गुंड टेनारच्या दाराशी येतात आणि तो मधे पडतो. मंत्र नाही, काठी नाही, हातात गवत उचलायचा दाताळा. त्या पानानंतर मी पहाटेपर्यंत वाचत राहिलो. शेवट थोडा घाईचा वाटला, तरी सगळ्यांत हेच मला थोर वाटतं.

एक जागा मात्र तुला सांगितलीच पाहिजे. टेनारचा मुलगा बऱ्याच वर्षांनी समुद्रावरून घरी येतो. जेवतो आणि उठतो. ताटली घासणं त्याच्या लेखी बायकांचं काम. गेड घासतो, ज्याच्या आज्ञेत एके काळी वारे होते, तो. ताई, आईच्या आजारपणात तू चार महिने माहेरी येऊन राहिलीस. मी ऑफिसातून यायचो, जेवायचो, ताट मोरीत ठेवायचो. सकाळी ते घासून पालथं घातलेलं असायचं. ते कुणी घासलं हे मी एकदाही विचारलं नाही. त्या पानावर पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून होतो.

थेरूचं पुढे काय होतं ते लिहीत नाही. ‘तेहानू’ हे एका ताऱ्याचं नाव आहे, एवढंच सांगतो. बाईंनी या पुस्तकाला अर्थसीचं शेवटचं पुस्तक म्हटलं होतं, पण 2001 मध्ये आणखी दोन आली.

तुझा मोतीबिंदू आत्ताच काढलाय, आणि ग्रंथ इतका जड आहे की तुला धरवणार नाही. भाऊबीजेला घेऊन येतो. मी वाचीन, मराठीत सांगीन. पण एक अडचण आहे. रोकच्या विद्वानांना तू एक शब्द वापरायचीस. ‘जादूगार’ नव्हे, ‘मांत्रिक’ही नव्हे. चार दिवस आठवतोय, आठवत नाही. दुसरा कुठला शब्द माझ्या कानाला चालणार नाही, तेवढा कळव.

तुझा,
(तू गच्चीवर ठेवलेलं नाव मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.)