बालेवाडीतला मिडफिल्डर

2014 साली पुण्याच्या बालेवाडीत एक जुना इटालियन मिडफिल्डर एक सीझन राहून गेला. आमच्या नांदेडच्या मित्रांच्या ग्रुपवर तो कुणालाच आठवत नाही. आठवतो त्रेझेगे. साहजिक आहे, गोल मारणारा लक्षात राहतो.

फ्रँको कोलोंबा, जन्म 1955. बोलोन्या, आवेल्लिनोकडून खेळून निवृत्त झालेला. एफसी पुणे सिटीचा तो पहिला कोच. पहिल्या आयएसएलमध्ये आठ संघांत सहावा नंबर आला, 2019 मध्ये क्लबच बंद पडला. पुण्याचा हिशोब एवढाच.

पण 1999-2000 मध्ये हाच माणूस रेजिना या छोट्या क्लबचा कोच होता. क्लबचं सेरी आमधलं पहिलंच वर्ष. इंटरमध्ये जागा नसलेला वीस वर्षांचा आंद्रेआ पिर्लो तिथे लोनवर आला. कोलोंबाने त्याला सीझनभर खेळवलं, 28 सामने, 6 गोल. पिर्लोला मागे आणून संघाचा मेंदू केलं ते 2001 मध्ये ब्रेशियात, मात्सोनेने. नाव मात्सोनेचं झालं, आणि ते रास्तच. 2006 ची वर्ल्डकप फायनल पेनल्टींवर गेली. पिर्लोने पहिलीच आत घातली, त्रेझेगेची बारवर आदळली. त्या गोष्टीत कोलोंबा कुठेच येत नाही.

मी बारावी लातूरला केली. लातूर पॅटर्नमध्ये निकालानंतर चौकात फ्लेक्स लागतात, टॉपरचा फोटो, खाली क्लासचं नाव. आठवीत मला रोज फळ्यापाशी उभं करून गणित सोडवायला लावणारे नांदेडचे सर अशा कुठल्याच फ्लेक्सवर नसतात. आता निवृत्त आहेत. फोन केला की ‘मार्क किती’च्याच चालीवर विचारतात, ‘पॅकेज किती?’