थेऊरच्या अलीकडे

ऐतिहासिक कादंबरीचा वाचक शेवट ठाऊक असूनच वाचायला बसतो. त्याचे कुतूहल घटितासंबंधीचे नसते, घटिताला सामोरे जाणाऱ्या मनासंबंधीचे असते. हे विधान बाईंनी पदव्युत्तर वर्गात अनेक वर्षे केले. उदाहरण ठरलेले असे : रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२). माधवराव पेशवे सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने जाणार आणि रमाबाई सती जाणार, हे मराठी वाचकाला शाळेपासून माहीत असते. तरी तो वाचतो, आणि रडतो. बाईंच्या टिपणवहीत अखेरच्या प्रकरणांपुढे ‘शोकात्म परिणतीचा उत्कर्ष’ असे शब्द होते व त्यांखाली रेघ होती. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत ते शब्द जसेच्या तसे परत करीत.

वर्गाबाहेरचे वाचन मात्र वेगळे होते, आणि ते बाईंनी कधी कोणाला सांगितले नाही. स्वतःसाठी ‘स्वामी’ हाती घेतली की त्या थेऊरच्या अलीकडे थांबत. पुस्तक मिटून ठेवीत. माधवरावांना खोकला लागलेला असे, पण ते हयात असत. पुन्हा दोन-तीन वर्षांनी पहिल्या पानापासून सुरुवात होई. साठोत्तरी समीक्षेने ऐतिहासिक कादंबरीला रंजनवादी ठरवून बाजूला सारले होते, आणि बाई त्या समीक्षेच्याच शिष्या. त्यामुळे ही सवय त्यांना चोरट्या गोडधोडासारखी वाटत असे. आपण वाचक म्हणून जे करतो त्याला सिद्धान्तात जागा आहे का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

तो विचारला गेला फार उशिरा, निवृत्तीनंतर. घोडबंदर रोडवरील ज्या सदनिकेत बाई राहतात तिच्या एका खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात आणि दुसरीतून मेट्रोच्या खांबांची रांग. नोकरीनिमित्त त्यांच्याकडे राहायला आलेली भाची जपानी भाषा शिकत होती. वाचनाचा सराव म्हणून ती रात्री एक खेळ खेळे. खेळणे कमी आणि वाचणेच अधिक. पावसाळ्यातल्या एका रात्री, माजिवड्यापासून घरी पोचायला दीड तास लागल्यानंतर, ती पडदा बाईंच्या समोर धरून म्हणाली, “मावशी, तू ऐतिहासिक कादंबऱ्या शिकवायचीस ना? मग ही बघ. हिच्यात शेवट आवडला नाही तर मागे जाता येतं.”

खेळाचे नाव ‘हारुकानारु तोकी नो नाका दे’, त्याचा तिसरा भाग. दूरवरच्या काळाच्या अंतरंगात, असा काहीसा त्याचा अर्थ. जपानी लिपीत या नावातील ‘तोकी’ हा शब्द काल आणि अवकाश अशा दोन चिन्हांनी लिहिलेला आहे, उच्चार मात्र केवळ ‘काळ’ असा करायचा. बाख्तिनने कादंबरीतील काळ आणि स्थळ यांच्या अविभाज्य गुंफणीसाठी एक स्वतंत्र संज्ञा योजली, तिचे मराठीकरण ‘कालावकाश’ करावे की आणखी काही, यावर बाईंनी परिसंवादांतून बराच वेळ घालवला होता. एका खेळाच्या शीर्षकाने तो प्रश्न दोन चिन्हांत निकालात काढलेला पाहून त्यांना हसू आले.

या खेळांचा इतिहास थोडक्यात असा. कोएई या जपानी कंपनीत केईको एरिकावा यांच्या पुढाकाराने स्त्रियांचा एक गट उभा राहिला, ‘रुबी पार्टी’ या नावाचा. स्त्रियांसाठी रचलेला त्यांचा पहिला प्रणयप्रधान खेळ ‘अँजेलिक’ १९९४ साली आला. ‘हारुका’ मालिका २००० साली सुरू झाली आणि तिचा तिसरा भाग २००४ च्या अखेरीस. आजच्या काळातली एक शाळकरी मुलगी प्राचीन क्योतोची छाया असलेल्या दुसऱ्याच जगात ओढली जाते. तिथे ती नागदेवतेची पुजारीण ठरते आणि आठ रक्षक तिच्याभोवती जमतात. त्यांपैकी कोणावर जीव जडवायचा हे खेळणारीने ठरवायचे. तिसऱ्या भागाला पार्श्वभूमी आहे ती बाराव्या शतकातील ताइरा व मिनामोतो या दोन घराण्यांच्या युद्धाची. योशित्सुने आणि बेनकेई आहेत. बासरीवादक आत्सुमोरीही आहे. इतिहासात आत्सुमोरी ११८४ मध्ये इचि-नो-तानीच्या लढाईत कोवळ्या वयात मारला गेला. ज्या योद्ध्याने त्याला मारले तो पुढे भिक्षू झाला, अशी कथा ‘हेइके मोनोगातारी’त आहे आणि झेआमीने त्यावर नो नाटक रचले आहे. जपानी वाचकाला त्याचे मरण तितकेच पाठ आहे जितके आपल्याला माधवरावांचे.

खेळ आरंभीच खेळणारीला हरवतो. सोबती एकेक करून जातात, नगरी पेटते. श्वेत नाग आपल्या कंठाखालचे उलटे खवले काढून मुलीच्या हाती देतो; ते देणे म्हणजे त्याचा स्वतःचा अंत. त्या खवल्याच्या बळाने ती आपल्या काळात, आपल्या शाळेत परत येते. एकटी, सुखरूप. कथा इथे संपू शकली असती. पण तेच खवले वापरून ती पुन्हा त्या काळात उतरते, या वेळी शेवट जाणून, आणि घडलेल्यावर नव्याने लिहू लागते. लुकाचने ऐतिहासिक कादंबरीच्या केंद्रस्थानी सामान्य वकुबाचा नायक असावा आणि इतिहासपुरुष कडेला असावेत असे प्रतिपादन केले होते. इथे केंद्रस्थानी एक शाळकरी मुलगी आहे, इथवर ठीक. ती कडेच्या इतिहासपुरुषांच्या प्रेमात पडते, हे मात्र लुकाचला रुचले नसते.

भाचीला ‘स्वामी’ची गोष्ट बाईंनी सांगितली तेव्हा ती सहज म्हणून गेली, “मग रमाबाईंना दुसरा पर्याय कुठे आला होता? निवडीची जागा कुठली?”

बाईंजवळ उत्तर तयार होते : ही शोकात्मिका आहे, शोकात्मिकेत पर्याय नसतात. ते त्यांनी दिले नाही. कारण पर्याय होते, आणि ते दूर कुठे नव्हते, त्याच घराण्यात होते. माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई १७६१ साली नानासाहेब गेल्यावर सती गेल्या नाहीत. पुढे नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी सती जाणे तर सोडाच, वैधव्यही पत्करले नाही असे परंपरा सांगते. एकाच वाड्यातल्या तीन स्त्रियांपैकी दोघी राहिल्या आणि एक गेली. मग तिसरीचे जाणे अटळ कसे? अटळता इतिहासात नव्हती, ती निवेदनाने निर्माण केली होती. पहिल्या पानापासून चितेच्या दिशेने उताराला लागलेली वाक्यरचना, रमा-माधव या जोडनावातील समास, वाचकाच्या मनात आधीच पेटलेली ज्योत, या सर्वांनी मिळून ती घडवली होती. आणि वर्गात तिला ‘उत्कर्ष’ हे नाव देऊन बाईंनी त्या घडणीला हातभार लावला होता. वर्गातल्या मुली ते लिहून घेत होत्या, ही गोष्ट बाईंना त्या रात्री बराच वेळ छळत राहिली.

ईझर ज्यांना संहितेतील रिक्त जागा म्हणतो त्या वाचकाने भरायच्या असतात. पण ‘स्वामी’सारखी कादंबरी कोणत्या जागा रिक्त ठेवायच्या आणि कोणत्या बुजवून टाकायच्या हे फार काळजीपूर्वक ठरवते. रमाबाईंच्या मनात त्या क्षणी नकार उमटला असेल काय, ही जागा तिने रिक्तही ठेवलेली नाही. खेळाचे तंत्र ओबडधोबड आहे, त्यातील प्रणय पुष्कळदा साखरेत घोळलेला आहे. तरीही नकाराची जागा असू शकते एवढे तो दाखवतो.

शेवटावर लोकमन समाधान मानत नाही, हे काही नवे नाही. योशित्सुने ११८९ मध्ये मेला, पण तो उत्तरेकडे निसटला, इतकेच नव्हे तर तोच चंगीझखान झाला, इथवर जपान्यांची कल्पना धावली. मराठी मनाने भाऊसाहेबांचा तोतया उभा केला. १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा होईपर्यंत सरदार आणि रयत यांपैकी कित्येकांना तो खरा वाटला, कारण तो खरा असायला हवा होता. न. चिं. केळकरांनी त्यावर नाटक लिहिले. आणि जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये हाच हट्ट विज्ञानाच्या भाषेत मांडला : विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून गेली असती तर? गंगाधरपंत त्या दुसऱ्या इतिहासात जाऊन येतात आणि पुरावा म्हणून बखरीच्या पानाचा एक तुकडा आणतात. कथा बुद्धीला सुखावते. पण गंगाधरपंतांचे तिथे कोणी नाही. ते कोणासाठी गेलेले नाहीत, त्यामुळे परत येताना त्यांचे काही मागे राहत नाही.

‘जर-तर’चा मोह बाईंनाही झाला, आणि त्याला त्यांच्या खिडकीखालचा रस्ता कारण झाला. घोड्यांच्या व्यापारावरून ज्या बंदराला नाव पडले त्या घोडबंदरचा पोर्तुगीज किल्ला आणि ठाणे १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतले. सदतीस वर्षांनी, १७७४ च्या डिसेंबरात, इंग्रजांनी ठाणे जिंकले. पुढच्याच वर्षी रघुनाथरावांनी सुरतेच्या तहात साष्टी त्यांच्या पदरात टाकली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानंतरही ती इंग्रजांकडेच राहिली. माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात गेले नसते तर? ग्रँट डफलाही तो मृत्यू पानिपताच्या तोडीचा घात वाटला होता. म्हणजे थेऊरच्या त्या एका मृत्यूची सावली या रस्त्यावरही पडलेली होती. बाईंनी हा धागा भाचीला उत्साहाने उलगडून सांगितला. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “पण मावशी, ती मुलगी साष्टी वाचवायला परत जात नाही.”

खेळातली मुलगी परत उतरते तेव्हा तिच्या सोबत्यांना मागच्या खेपेची आठवण नसते. त्यांच्या लेखी ती नुकतीच भेटलेली परकी मुलगी आहे. ते नाव सांगतात, ते नाव तिने त्यांच्या मृत्यूनंतर हाक मारून झालेले असते. ते हसतात, आणि कोणत्या चढावर कोणता बाण येणार हे तिला ठाऊक असते. हे प्रेम विषम आहे. तिला सांगता येत नाही आणि सांगितले तर त्याचा त्यांना काही अर्थ लागणार नाही. ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाची अवस्था हीच असते, ही गोष्ट वाचक-प्रतिसादाच्या मीमांसेत बाईंना कुठे आढळली नव्हती. शेवट ठाऊक असणे म्हणजे तटस्थ असणे, असे गृहीत धरून सगळा विचार झालेला होता.

१९९६ साली बाईंच्या यजमानांच्या आजाराचे निदान डॉक्टरांनी बाईंना सांगितले, यजमानांना नाही. त्या वेळी पुष्कळ ठिकाणी तशीच रीत होती आणि ती बाईंनीही मोडली नाही. सात महिने त्या घरात शेवट ठाऊक असलेली एक व्यक्ती होती आणि शेवट ठाऊक नसलेली एक. दिवाळीनंतर कोकणात जायचे बेत होत. बाई गाडीच्या वेळा कागदावर उतरवून घेत. त्या वर्षीही पदव्युत्तर वर्गाला ‘स्वामी’ होती आणि बाईंनी थेऊरचे प्रकरण नेहमीसारखेच शिकवले. स्वतःसाठी ते पुस्तक त्यांनी त्यानंतर उघडले नाही. अलीकडे थांबण्याचीही सोय उरली नव्हती.

खेळाविषयीचा एक आक्षेप मात्र त्यांच्या मनातून गेला नाही. एकदा वाचलेला मजकूर दुसऱ्या खेपेस झपाट्याने पुढे ढकलण्याची सोय अशा खेळांत असते. खेळणारी परत येते ती नव्या फांदीसाठी. जुने दुःख तिच्या दृष्टीने वाचून झालेले असते. कादंबरी शेवटाला जखडून ठेवते, पण त्या शेवटापर्यंतचा प्रत्येक शब्द पुन्हा सोसायला लावते. खेळ शेवट मोकळा करतो आणि शब्द गाळू देतो. यांतले वाचकाला अधिक काय देते, याचा निवाडा बाईंनी केला नाही.

गणपतीच्या सुटीत भाची एका नव्या फांदीच्या शोधात पुन्हा आरंभापासून निघाली. पेटत्या नगरीचा प्रसंग आला आणि तिने सवयीने कळ दाबली. चित्रे आणि अक्षरे भराभर पळू लागली. शेजारी शब्दकोश घेऊन बसलेल्या बाईंनी तिचा हात धरला.

“थांब,” त्या म्हणाल्या. “तो खवले देताना काय म्हणतो ते मला वाचून दाखव. सावकाश.”